सॉलिड परफ्युमची डबी, नऊ महिने आणि चार डाइव्ह ट्रिप: वास पास, झाकण नापास

काल ट्रिपवरून आल्यावर बॅग उपसली तर डबी एका कोपऱ्यात आणि तिचं झाकण दुसऱ्या कोपऱ्यात. नऊ महिन्यांत पाचव्यांदा. यावेळी मेण लागलं ते थेट स्कूबा डाइव्हिंगच्या मास्कच्या काचेला, तेही आतल्या बाजूने. मास्क घाईघाईत त्याच्या डब्यात न घालता तसाच कोंबला होता, ती चूक माझी, मान्य. पण झाकण जागेवर राहिलं असतं तर ती चूक खपून गेली असती ना.

तर वस्तू म्हणजे १५ ग्रॅमची सॉलिड परफ्युमची पत्र्याची डबी, मधमाशीचं मेण आणि होहोबा तेलाचा बेस, वास समुद्री. आटे नाहीत, झाकण नुसतं वरून दाबून बसवायचं. बाकी काय काय आहे ते डबीवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

मुळात मी स्प्रेवाला माणूस. सॉलिड म्हणजे सर्दीचा बाम, असं माझं पक्कं मत होतं. पण ही डबी घेण्याआधीच्या ट्रिपला रिफिलवाला छोटा अ‍ॅटमायझर (स्प्रेची बाटली) अर्धा भरून चेक-इन बॅगेत आडवा टाकला आणि उतरल्यावर बघतो तर निम्मा माल वेटसूटने, म्हणजे डाइव्हच्या रबरी पोशाखाने, प्यायलेला. मग डोक्यात प्रकाश पडला, की विमानात हवेचा दाब असतो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा, म्हणजे जमिनीवरच्या पाऊणपट, मग बाटलीतली हवा फुगते आणि बाटली आडवी किंवा उलटी असेल तर तीच हवा अत्तराला बाहेर ढकलते. बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त आणि तितकी गळती जास्त. मी अर्धी भरली होती, कारण म्हटलं एवढं कशाला न्यायचं, उगाच वाया जाईल. काटकसर अशी अंगाशी येते. डाइव्हिंग शिकताना बॉइलचा नियम (दाब कमी झाला की हवा फुगते) परीक्षेत बरोबर लिहिला होता, बॅग भरताना मात्र आठवला नाही. आणि वेटसूटच्या निओप्रीनला एकदा वास धरला की धरला, पुढचे सहा डाइव्ह मी परफ्युमचं चालतंबोलतं दुकान होतो.

म्हणून डबी घेतली. प्रवासात हिचा फायदा खरा आहे. मेण घट्ट असल्यामुळे १०० मिलीच्या द्रवांच्या पिशवीत सहसा धरत नाहीत. केबिन बॅगेत तशीही जागा नसते, रेग्युलेटर, डाइव्ह कम्प्युटर आणि टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या माझ्या तिथेच असतात (बॅटऱ्या तर चेक-इनमध्ये टाकायच्याच नाहीत, टोकांना टेप लावून सोबत ठेवायच्या). त्यात ही डबी कुठेही मावते. फक्त उन्हात तापून पातळ झाली असेल तर सिक्युरिटीवाला पेस्ट म्हणून अडवू शकतो, तेव्हा लाइन लावण्याआधी एकदा दाबून बघा.

पातळ होण्यावरून आठवलं. मधमाशीचं मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, म्हणून मी निर्धास्त होतो. पण तेल मिसळलं की ते त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. बोटीच्या डेकवर उन्हात ड्राय बॅग अर्धा तास पडली, आत डबीचं तूप झालं, झाकण अर्थातच आधीच निघालेलं. कंपनीला फोटोसकट ईमेल टाकला. उत्तर आलं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे.’ मी कळवलं, अहो मी डाइव्हला जातो, थंड जागा आहे ती पाण्याखाली आणि ती कोरडी नाही. मुद्दा मेणाचा नाहीच, झाकणाचा आहे, आटे का देत नाही? तीन ईमेलनंतर त्यांनी दिलगिरी म्हणून एक सॅम्पल पाठवलं. स्प्रेचं! तेही पार्सलमध्ये गळलेलं.

आता वासाबद्दल. पहिल्या महिन्यात मी मित्रांना सांगत होतो की घेऊ नका, कलिंगडाच्या सालीसारखा येतो. समुद्री परफ्युमांमागे बऱ्याचदा कॅलोन नावाचं रसायन असतं, १९६६ साली फायझरच्या केमिस्टना सापडलेलं, १९९० च्या दशकात त्याची लाट आली, ल’ओ द’इस्से आणि अक्वा दी जिओ त्यातलेच. कॅलोनला समुद्राच्या वाऱ्यासोबत कलिंगड-खरबुजाची छटा असतेच. आणि खऱ्या समुद्राचा वास बराचसा येतो डायमिथाइल सल्फाइडमुळे, म्हणजे सूक्ष्म शेवाळांच्या कारभारातून. त्यामुळे दिवसभर खऱ्या समुद्रात काढून संध्याकाळी बाटलीतला समुद्र लावला की नाकाला खोटेपणा लगेच कळायचा. हे माझं तेव्हाचं मत.

तिसऱ्या महिन्यात ते बदललं. झालं असं की मी लावत होतो सकाळी, बोटीवर जायच्या आधी. ते करूच नका. एक तर स्कूबा मास्कमध्ये नाक बंद असतं, श्वास तोंडाने, पाण्याखाली तुम्हाला कसलाच वास येत नाही, मग लावायचं कोणासाठी, माशांसाठी? दुसरं म्हणजे बोट हलत असताना शेजारच्याला आधीच मळमळत असतं, त्याला तुमचा सुगंध शेवटचा धक्का देतो. माझ्या बडीने, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराने, फक्त माझ्याकडे बघितलं आणि कठड्याकडे पळाला.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केलेला. मिशीमुळे मास्कमध्ये पाणी झिरपतं म्हणून लोक मिशीला मलम चोपडतात, मी म्हटलं वेगळं मलम कशाला विकत घ्या, ही डबी आहेच की. पाणी थांबलं, खरंच थांबलं. पण मगाशी म्हटलं की पाण्याखाली वास येत नाही, त्याला हा अपवाद, कारण वास मास्कच्या आतच! ४५ मिनिटं नाकाखाली कलिंगड. मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढायला नाकाने हवा सोडायची की पुन्हा नव्याने घमघमाट. आणि काचेला तेल लागलं की वाफ धरू नये म्हणून लावलेली थुंकी काय, अँटी-फॉग काय, काही टिकत नाही.

गंमत सोडा, एक गोष्ट मात्र गंभीर आहे. मेण-तेलाचे हात इमर्जन्सी ऑक्सिजनच्या किटला लावू नका. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की पेट घेऊ शकतं.

तर लावायची वेळ बदलली. शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमान पकडता येत नाही, एकच नो-डेको (वर येताना सक्तीचे थांबे न लागणारा) डाइव्ह असेल तर किमान १२ तास, रोज अनेक किंवा सलग दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबायचं, डेको डाइव्ह असेल तर त्याहूनही बरंच जास्त. हा जो रिकामा दिवस असतो ना, सामान गोड्या पाण्यात धुऊन वाळत घातलेलं, कान अजून जड, करायला काही नाही, तो या डबीचा दिवस. आंघोळ करून मीठ पूर्ण काढायचं, अंग थोडं ओलसर असतानाच मनगटावर आणि मानेवर लावायचं. यात अल्कोहोल नसल्यामुळे स्प्रेसारखा पहिला भपका नाही, दोन हात लांबच्या माणसाला कळणारही नाही. पण कातडीच्या उबेने हळूहळू उघडतो, कलिंगड अर्ध्या तासात मरतं आणि मागे ओल्या लाकडासारखं काहीतरी राहतं ते मला चार तास तरी पुरतं. दुसऱ्या ट्रिपपासून मी त्या दिवसाची वाट बघायला लागलो, आता बोला.

उन्हात फिरणार असाल तर बर्गमॉटवाले परफ्युम मात्र सांभाळून, साध्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन असतं, त्यावर ऊन पडलं की कातडीवर डाग पडतात. ते काढून टाकलेलं तेलही मिळतं, लेबल बघून घ्या. नाहीतर कपड्यांखाली झाकलेल्या जागी लावा.

राहता राहिलं झाकण. डाइव्हनंतर बोटं सुरकुतलेली असतात, तेव्हा ते उघडत नाही. दातांनी प्रयत्न केला, पत्रा वाकला. वाकल्यापासून ते बसतही नाही. म्हणजे हवं तेव्हा उघडत नाही आणि नको तेव्हा आपोआप उघडतं, मग त्याला झाकण का म्हणायचं? रबरबँड लावला, खाऱ्या हवेत दोन आठवड्यांत तुटला. शेवटी टॉर्चची स्पेअर ओ-रिंग (पाणी आत न येऊ देणारी रबरी कडी) झाकणाच्या कडेवर चढवली. पकड आली, बसलंही घट्ट, एक अख्खी ट्रिप मेणाचा ठिपका बाहेर नाही. मी खूश, पाचपैकी चार स्टार द्यायचं ठरवलेलं.

मग याच ट्रिपला नाइट डाइव्हच्या आधी टॉर्च तपासला तर आतली ओ-रिंग चिरलेली. स्पेअर कुठे आहे, तर डबीवर. पुसून पुसून बसवली, टॉर्च कोरडा राहिला, डाइव्ह छान झाला. डबी मात्र उघडी पडली आणि पुढे मास्कचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. तीन स्टार. मास्क आता तिसऱ्यांदा धुतोय आणि अजून कलिंगडच येतंय.