‘जुनं कॉलेज लिहूच नका’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी

अमेरिकेत मेडिकलला अर्ज करणाऱ्या मुलांपैकी काहींचे आधीच्या एखाद्या कॉलेजात गुण घसरलेले असतात. ‘अर्जात जुनं कॉलेज लिहूच नका’ असं सांगून पैसे उकळण्याची फसवणूक नेमक्या अशाच मुलांना गाठून केली जाते. ॲडमिशन कन्सल्टंट म्हणवणारा माणूस पहिल्याच बैठकीत सगळी ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रिका) मागून घेतो, ती चाळतो आणि धीर देतो: “दुसऱ्या कॉलेजचे मार्क उत्तम आहेत. पहिल्याचं नावच काढायचं नाही. डिग्री तिथून घेतली नाही ना? मग त्याचा संबंध काय?” मुलगा आधीच खचलेला असतो, आईवडील धास्तावलेले असतात. हजारो डॉलरचं पॅकेज तिथल्या तिथे ठरतं.

हे आमिष लागू का पडतं, ते हिशोबात दिसतं. समजा पहिल्या कॉलेजात 30 क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) झाली आणि जीपीए (4 पैकी सरासरी ग्रेड) 1.5 राहिला, म्हणजे 30 गुणिले 1.5, 45 ग्रेड पॉइंट. पुढे दुसरीकडे 120 क्रेडिट 3.8 ने केली, म्हणजे 456. दोन्ही मिळून 501, भागिले 150, उत्तर 3.34. पहिलं कॉलेज गाळलं की तोच जीपीए 3.8 दिसतो. डिग्रीनंतर आणखी 30 क्रेडिट घेऊन सगळीकडे ए (4 पैकी 4) मिळवला, तरी 621 भागिले 180 म्हणजे 3.45. वर्षभर घाम गाळून 0.11 ची वाढ! आणि समोरचा माणूस एक रकाना रिकामा ठेवण्याच्या बदल्यात 0.46 देऊ करतो. भुलणाऱ्या मुलाला मूर्ख म्हणता येत नाही.

पण तो विकतो ते त्याच्या हातातलं नसतंच. एमडीच्या (अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी) बहुतेक कॉलेजांचे अर्ज एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या ॲमकॅस या सेवेतून जातात. डीओ (ऑस्टिओपॅथिक, तीही डॉक्टरकीचीच पदवी) कॉलेजांसाठी ॲकोमास ही अर्जसेवा आहे, टेक्सासमधल्या बहुतेक कॉलेजांसाठी टीएमडीएसएएस. तिन्हीकडे बारावीनंतर जिथे जिथे नाव नोंदवलं ते प्रत्येक कॉलेज लिहावं लागतं. एकच कोर्स केला असेल, मध्येच सोडून दिला असेल, एकही क्रेडिट मिळालं नसेल, तरीही. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजचे कोर्स केले असतील तर तेही. ॲमकॅसकडे अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेजकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट थेट यावं लागतं आणि अर्जातली एकेक ओळ त्याच्याशी ताडून पाहिली जाते. गर्दीच्या दिवसांत या पडताळणीला सहा आठवड्यांपर्यंत लागतात.

सल्लागारांची काही वाक्यं ठरलेली असतात. अर्धवट खरी असतात, म्हणून पटतात.

“क्रेडिट ट्रान्सफर झाली आहेत, नव्या ट्रान्सक्रिप्टवर दिसतात, जुनं कशाला?” नव्या ट्रान्सक्रिप्टवर अनेकदा फक्त क्रेडिट दिसतात, ग्रेड नाही. म्हणूनच मूळ कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागतात. शिवाय ‘अमुक कॉलेजमधून ट्रान्सफर’ ही ओळ तिथे छापलेली असते. लपवलेल्या कॉलेजचं नाव मुलगा स्वतःच पाठवून बसतो.

“कॉलेजने ॲकॅडमिक फर्गिव्हनेस दिलंय, ते मार्क आता मोजत नाहीत.” ते माफ करणं त्या कॉलेजपुरतं. ॲमकॅस स्वतःचा हिशोब करतं आणि त्यात माफ झालेले कोर्सही धरतं. कोर्स पुन्हा केला तर पहिला आणि दुसरा, दोन्ही प्रयत्न मोजले जातात.

“डीओला जुना एफ (नापासची ग्रेड) पुसला जातो.” एके काळी ॲकोमासमध्ये नंतरची ग्रेड धरत असत. ती सवलत 2017 मध्ये बंद झाली. आजही हे वाक्य विकणारा एकतर अडाणी आहे, नाहीतर लबाड.

टेक्सासमधला ॲकॅडमिक फ्रेश स्टार्टही असाच वापरतात. तो कायदा खरा आहे. तिथल्या रहिवाशाला 10 वर्षांहून जुने कोर्स बाजूला ठेवण्याची मुभा तो देतो. मात्र त्यासाठी तिथल्या सरकारी कॉलेजात प्रवेश घेताना अर्ज करावा लागतो, आणि वाईटाबरोबर त्या काळातली चांगली क्रेडिटही सरसकट जातात. ॲमकॅसमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

अमेरिकेबाहेरच्या कॉलेजबद्दल तर छातीठोक सांगितलं जातं की कळणारच नाही. परदेशी ट्रान्सक्रिप्ट ॲमकॅस सहसा घेत नाही, हे बरोबर. पण कॉलेजचं नाव यादीत लिहावंच लागतं, आणि मेडिकल कॉलेज ते ट्रान्सक्रिप्ट स्वतंत्रपणे मागू शकतं.

लपवलेलं बाहेर येण्याच्या वाटा अनेक आहेत. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस ही संस्था 1993 पासून अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदी ठेवते, आणि बहुतेक कॉलेजं तिला माहिती देतात. जुन्या कॉलेजात सरकारी शैक्षणिक कर्ज घेतलं असेल, तर ते सरकारच्या नोंदीत कॉलेजच्या नावासकट असतं. मेडिकलच्या वर्षांत पुन्हा कर्ज मागताना तीच नोंद समोर येते. आधी एकदा अर्ज करून झाला असेल तर तोही जपून ठेवलेला असतो. यातलं काही प्रवेशाआधी उघड होतं, काही दोन वर्षांनी, आणि उशिरा झालं तर जास्त महागात पडतं. ॲमकॅसला विसंगती आढळली तर चौकशी होते आणि तिचा अहवाल अर्जातल्या कॉलेजांकडे जातो. दिलेला प्रवेश मागे घेतला जातो, शिकत असलेल्याला काढून टाकता येतं. तोवर सल्लागाराचा फोन बंद असतो. त्याचं नाव कुठेच नसतं, कारण ‘दिलेली माहिती पूर्ण आणि खरी आहे’ या मजकुराखाली सही मुलाचीच असते. पासवर्ड सल्लागाराला देऊन फॉर्म त्याच्याकडून भरून घेतला असला, तरी जबाबदारी मुलाची.

आणखी एक रकाना असाच गाळायला लावतात, तो इन्स्टिट्यूशनल ॲक्शनचा, म्हणजे कॉलेजने केलेल्या कारवाईचा. खराब गुणांमुळे प्रोबेशन (ताकीद देऊन देखरेखीखाली ठेवणं) लागलं असेल किंवा कॉलेजातून काढलं असेल, तर तिथे होकार द्यावा लागतो, त्यामुळे शिक्षणात खंड पडला नसला तरी. खुलाशाला 1,325 अक्षरं मिळतात. तेवढी पुरतात: काय झालं, केव्हा झालं, कॉलेजने काय केलं, त्यानंतर काय बदललं. प्राध्यापकांना किंवा घरच्यांना दोष देणारी वाक्यं काढून टाका. आजारपण असेल किंवा आठवड्याला 40 तासांची नोकरी असेल, तर एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.

सल्लागार कधीच सांगत नाही ते असं: ॲमकॅस जीपीए वर्षवार मांडून दाखवतं. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, डिग्रीनंतरचं, प्रत्येकाचा वेगळा. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा वेगळा, बाकी विषयांचा वेगळा. 1.5 वरून 3.8 वर गेलेला मुलगा त्या तक्त्यात एका नजरेत दिसतो. जुनं कॉलेज गाळलं की पडून पुन्हा उभं राहिल्याचा हा पुरावाही जातो.

कधी लपवण्यामागचं खरं कारण गुण नसतातच. जुन्या कॉलेजचे पैसे थकलेले असतात आणि ते ट्रान्सक्रिप्ट सोडत नाही. अर्ज साधारण मेच्या सुरुवातीला उघडतात. त्याच्या दोन-तीन महिने आधी त्या कॉलेजच्या बर्सर ऑफिसशी (फी घेणारं कार्यालय) बोलून हप्ते ठरवून घ्या.

पैसे देऊन बसला असाल आणि अर्ज अजून सबमिट झाला नसेल, तर फार बिघडलेलं नाही. आधी पासवर्ड बदला, खात्यावरचा ईमेल आणि फोन तुमचाच आहे का ते पाहा, मग कॉलेजांचं पान उघडून राहिलेली नावं भरा. सबमिट झाला असेल तर ते पान तुम्हाला स्वतः बदलता येत नाही. त्याच दिवशी ॲमकॅसला कळवा आणि ज्या ज्या कॉलेजला अर्ज गेला त्या प्रत्येकाच्या ॲडमिशन ऑफिसला लेखी पाठवा: कोणतं कॉलेज राहिलं, कोणत्या तारखांना तिथे होता, ट्रान्सक्रिप्ट कधी पोचेल. ‘सल्लागाराने सांगितलं’ हे त्या पत्रात लिहू नका. ते खरं असलं तरी सही तुमची आहे.

सल्लागाराशी झालेले सगळे मेसेज, करार आणि पावत्या जपून ठेवा. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर ज्या बिलावर ती रक्कम पहिल्यांदा आली, ते निघाल्यापासून 60 दिवसांच्या आत कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करा. झेल (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सेवा) किंवा वायरने दिलेले पैसे परत मिळणं फार अवघड, म्हणून असे सल्लागार तेच मागतात. फेडरल ट्रेड कमिशनकडे (ग्राहकांच्या फसवणुकीची दखल घेणारी केंद्र सरकारी संस्था) आणि आपल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार ऑनलाइन करता येते. तक्रारीत ‘जुनं कॉलेज लिहू नका’ हे त्याचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहा.