मिक्सर घेताना: ऑनलाइन रिव्ह्यू की दुरुस्तीवाल्याचा सल्ला?

भाचीला नवा मिक्सर घ्यायचाय. रिव्ह्यू वाचून ठरवावं, की गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला विचारावं, यात ती अडकली आहे.

आधी खरेपणा. पैसे किंवा कूपन देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू असतातच. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 19000:2022 हे मानक असे रिव्ह्यू रोखण्यासाठीच आलं, पण ते ऐच्छिक ठेवलं गेलं. म्हणून ताऱ्यांच्या सरासरीवर जाऊ नये. दोन-तीन तारेवाले रिव्ह्यू वाचावेत. 'चटणीच्या भांड्यात थोडं वाटण फिरतच नाही', 'झाकणातून गळतं' अशा नेमक्या तक्रारी तिथे सापडतात. दुरुस्तीवाला स्वतः मिक्सर विकत असेल, तर त्याचाही कल एका कंपनीकडे असू शकतो.

टिकाऊपणात मात्र मी डोळे मिटून त्याचं ऐकेन. बरेच रिव्ह्यू वस्तू घरी येताच लिहिलेले असतात. रोज सुकं खोबरं वाटून कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा भाग) किती लवकर झिजतो, कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) सहज मिळतात का, वायंडिंग म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची, हे मशीन उघडणाऱ्यालाच ठाऊक. फक्त बाजारात नुकतंच आलेलं मॉडेल त्याच्या टेबलावर अजून पोचलेलं नसतं.

वेळ दोन्हीकडे थोडाच लागतो.

परगावी नवीन असाल, वापर कमी असेल किंवा मॉडेल ताजं असेल, तर रिव्ह्यू पुरेत. रोज वाटण लागणाऱ्या घराने दुरुस्तीवाल्याकडून दोन-तीन मॉडेलांची नावं घ्यावीत आणि मग त्यांचेच रिव्ह्यू वाचावेत. भाचीने हेच करावं.