सिंकथिंग, आरसिंक आणि ते दोन सेकंद : आठ महिने वापरल्यावर

पुण्यात डेस्कटॉप आणि लॅपटॉप, राजापूरजवळ गावी जुना कॉम्प्युटर. तिन्हींवर लिनक्स. काम पुस्तकांच्या डीटीपीचं, फोल्डर २२ जीबीचं. पुण्यातल्या दोघांत सिंकथिंग (दोन मशीनवरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवणारा प्रोग्राम) पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालतंय. गावी नेट नाही, म्हणून ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि आरसिंक, म्हणजे फक्त बदललेल्या फायली कॉपी करणारा प्रोग्राम.

डोकं फिरलं ते इथे. दोनच पानं दुरुस्त केलेली असली तरी हात न लावलेल्या फायली पुन्हा कॉपी व्हायच्या, चाळीस मिनिटं जायची. दुकानात विचारलं तर 'ड्राइव्ह स्लो आहे, एसएसडी घ्या', पाच हजार. घेतली नाही तेच बरं. एका रात्री एकाच फाइलची शेवटच्या बदलाची वेळ दोन्हीकडे पाहिली. कॉम्प्युटरवर १८:४२:३७, ड्राइव्हवर १८:४२:३६. ड्राइव्हवर फायली ठेवायची पद्धत फॅट३२, आणि तीत ही वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते, विषम सेकंद बसतच नाही. आरसिंक आकार आणि वेळ ताडून बघतं; एका सेकंदाचा फरक दिसला की फाइल बदलली असं धरतं. म्हणजे साधारण निम्म्या फायली दर खेपेला नव्याने! आरसिंकचं 'मॉडिफाय-विंडो' (किती सेकंदांचा फरक सोडून द्यायचा ते) १ वर ठेवलं आणि काम तीन मिनिटांवर आलं. मॅन्युअलमध्ये फॅटचं नाव घेऊन हे लिहिलंय. न तपासता पाच हजार सांगितलेले मला अजून खुपतात.

इथवर पेन ड्राइव्हच पुरे, असं माझं मत होतं. पण नाव बदललेली फाइल जुन्या नावानेही परत यायची, पुसलेली पुन्हा उगवायची. गणपतीत लॅपटॉप गावी नेला, माळ्यावरचा जुना राउटर काढला. त्याला नेटची लाइन नाही, नुसती वीज. दोन्ही मशीन केबलने जोडली आणि मिनिटभरात सिंकथिंगला समोरचं मशीन सापडलं. रेंज नसलेल्या घरात फायली भराभर सरकताना पाहून फार आनंद झाला.

एक मात्र आधीच करा : सिंकथिंगमधलं 'फाइल व्हर्जनिंग' (बदललेल्या-पुसलेल्या फायलींच्या जुन्या प्रती ठेवणं) मुळात बंद असतं, ते प्रत्येक मशीनवर वेगळं चालू करावं लागतं. लॅपटॉपवर चुकून पुसलेलं सातवं प्रकरण माझ्या डेस्कटॉपवरूनही गेलं. सापडलं ते त्याच पेन ड्राइव्हवर, आठवडाभरापूर्वीचं. अकरा पानं पुन्हा लावावी लागली.