कबड्डी की खो-खो: लहान-मोठी पोरं एकत्र खेळवायची तर

पाचवीतलं पोरगं आणि दहावीतला दांडगा गडी एकाच मैदानात, हे आपल्या खेड्यात टळत नाही. वयाप्रमाणे वेगळे संघ पाडावे एवढी मुलंच जमत नाहीत. संध्याकाळी मी दोन्ही खेळ घेऊन पाहिले, म्हणून सांगतो.

कबड्डीला जागा कमी लागते आणि दहा-बारा पोरांतही ती रंगते. आपल्याकडे तिचा मानही मोठा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी तिचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. लहानग्याला साखळीत तगड्या गड्याच्या हाताशी दिलं की तो बराच सांभाळला जातो. वजनगट पाडता येतात, पण वजन सारखं असलं म्हणजे खेळ सारखा असतो असं नाही.

माझं बिनसलं ते एकाच गोष्टीवर. चढाईला आलेला मोठा पोरगा सरळ कच्च्या गड्यावर जातो. तो बाद. आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की बाद झालेले ओळीने उठतात, म्हणजे पहिला बहुधा हाच. आत येतो, अन् पुढच्या चढाईत पुन्हा बाहेर. मधल्या वेळात रेघेपाशी बसून तळपायातले गोखरूचे काटे काढत बसायचं. मग प्रत्येकाने ओळीने चढाई करायची असा नियम लावला, तर लहानगा पकडला गेला की त्याचेच सोबती ओरडायचे, ‘तुले कोनं धाडलं रे?’ सवलत देऊन उलट पोराची शोभाच झाली.

खो-खोत ही सूट नियमातच आहे. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खुंटापर्यंत बदलता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांमधून खुशाल पलीकडे जातो. त्यामुळे कितीही वेगवान पोरगा असला तरी एकट्याने भागत नाही, पलीकडे तोंड करून बसलेल्या लहानग्याला खो द्यावाच लागतो. आमच्याकडची सहावीतली एक मुलगी पळण्यात यथातथाच, पण खो मिळताच अशी उठते की समोरचा खुंटापाशीच सापडतो.

अडचण एकच, मोठी मुलं खो न देता स्वतःच धावत सुटतात. ‘सर, हा मले खो देतच नाही!’ ही तक्रार रोजची. आम्ही ठरवलं, नववी-दहावीच्यांनी तीन आडव्या पाट्या ओलांडायच्या आत खो द्यायचा. पळणाऱ्यांच्या तिघांच्या तुकडीतही एक पक्का, दोन कच्चे असे घालतो. एवढ्याने बरंच जमतं.

काळ्या मातीचं मैदान असेल तर उन्हाळ्यातल्या भेगांत पाय मुरगळतो, तेव्हा कबड्डीच बरी, तीही भेगा नसलेल्या तुकड्यावर. एरवी सोयाबीन निघाल्यापासून होळीपर्यंत मी तरी खो-खोच घेईन. पोरं कमी असली तर आठाऐवजी सहा बसवा आणि मैदान तेवढं आखूड आखा.