‘आरएल येऊन राहिली’ म्हणत विकलेला प्लॉट

नागपूरच्या उमरेड रोडच्या बाजूचा ले-आऊट. प्लॉट १५०० चौरस फुटांचा, भाव ६०० रुपये फूट, म्हणजे किंमत ९ लाख. बुकिंगला १,५०,००० रुपये, मग दरमहा १५,००० च्या ३६ किस्ती आणि उरलेले २,१०,००० विक्री लागेल, म्हणजे विक्रीपत्राची नोंदणी होईल त्या दिवशी. घेणारं कुटुंब भाड्याच्या घरात राहणारं, कर्ता माणूस निवृत्तीला टेकलेला. तीन वर्षांत त्यांचे ६,९०,००० रुपये गेले. हातात उरलं ते एक गुलाबी किस्त कार्ड, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली इसारचिठ्ठी आणि बगीचा, मंदिर दाखवणारा रंगीत नकाशा. असे कागद नागपुरात घराघरांत पडून आहेत. म्हणून हा व्यवहार नेमका कुठे कुठे सडलेला होता, ते सविस्तर लिहितो आहोत.

किस्ती संपल्यावर विक्रीचा विषय काढला की दर वेळी एकच उत्तर मिळायचं: “काका, टेन्शन घेऊ नका, आरएल येऊन राहिली, आली की लगेच विक्री लावतो.” नागपुरात ‘आरएल’ हा शब्द दोन वेगळ्या कागदांसाठी वापरतात आणि ठकवणाऱ्याला नेमका हाच गोंधळ हवा असतो. एक आरएल म्हणजे रेग्युलरायझेशन लेटर. शहरातल्या जुन्या अनधिकृत ले-आऊटमधल्या, म्हणजे आपण ५७२ आणि १९०० ले-आऊट म्हणतो त्यांतल्या प्लॉटधारकाने अर्ज करायचा, डिमांड नोट म्हणजे मागणीपत्रातली रक्कम भरायची आणि नागपूर सुधार प्रन्यासकडून ते पत्र घ्यायचं. दुसरी आरएल म्हणजे रिलीज लेटर. ती नव्या ले-आऊटची असते. आधी नकाशाला टेंटेटिव्ह म्हणजे तात्पुरती मंजुरी मिळते, मग विकासकाने रस्ते, नाल्या, वीज ही कामं करायची आणि त्यानंतर प्लॉट विकायला मोकळे होतात. शहराबाहेरच्या गावांत हे काम एनएमआरडीएकडे, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे.

पहिल्या आरएलमागचा गुंठेवारी कायदा, म्हणजे विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करणारा राज्याचा कायदा, २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढवली. त्या तारखेनंतर शेतात चुना टाकून पाडलेल्या प्लॉटला गुंठेवारीतून आरएल मिळण्याचा प्रश्नच येत नाही. दलाल मात्र शेजारच्या जुन्या ले-आऊटमधलं कुणाचं तरी पत्र मोबाइलवर दाखवतो आणि म्हणतो, “यांची आली, आपलीही येईल.” अशा वेळी पहिला प्रश्न हाच विचारा: कोणती आरएल? कोणत्या खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या कोणत्या सर्व्हे नंबरची? जावक क्रमांक काय?

या कुटुंबाच्या इसारचिठ्ठीवर मौजाचं नाव आणि प्लॉट नंबर होता. खसरा नंबरची जागा मात्र कोरी होती. ती जागा विसरून कोरी राहत नाही. खसरा कळला की पंधरा रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा निघतो आणि सगळं उघडं पडतं. इथेही तसंच झालं. शेजारच्या शेतकऱ्याला विचारून खसरा मिळवला तेव्हा सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याच्या वारसांची नावं निघाली. विकासकाने जमीन विकत घेतलीच नव्हती. त्याच्याकडे शेतकऱ्याने करून दिलेला करारनामा आणि आममुखत्यारपत्र एवढंच होतं. शेतकरी वारला की साधं आममुखत्यारपत्रही संपतं. वारसांचा फेरफार झाला, भाव वाढलेले, आता ते सही करायला तयार नाहीत. वारसांशी या कुटुंबाचा कुठलाही करार नाही.

सातबारा काढलात की नुसतं नाव वाचून थांबू नका. ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा, कुळाची नोंद दिसते. भूधारणा वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. जमीन अजून शेतीचीच असेल तर विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम ८९ आडवं येतं, कारण शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शिवाय तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे विकायला मनाई, आहेच. १५०० चौरस फूट म्हणजे जेमतेम १.४ आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर), आणि जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० आर. २०२५ मध्ये शासनाने नियोजन क्षेत्रातल्या जुन्या तुकड्यांच्या व्यवहारांना सूट दिली, तेव्हापासून “तुकडेबंदी उठली, आता काही अडचण नाही” हे नवं वाक्य ऐकू येतं. त्या सुटीने ले-आऊट मंजूर होत नाही आणि जमीन दुसऱ्याची असेल तर ती विकणाऱ्याचीही होत नाही.

आता नकाशा. एनएमआरडीएकडे माहिती अधिकारात दहा रुपये भरून सादर झालेल्या नकाशाची प्रमाणित प्रत मागवली. रंगीत नकाशातला या कुटुंबाचा ३७ नंबरचा प्लॉट त्या नकाशात नव्हताच. ती जागा खुल्या मैदानाची होती. ले-आऊट ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठा असेल तर १० टक्के जागा खुली सोडावी लागते. हा ले-आऊट दोन हेक्टरचा, म्हणजे २,००० चौरस मीटर मोकळी ठेवायची. एवढ्यात १५०० फुटांचे चौदा प्लॉट बसतात आणि ६०० रुपयांच्या भावाने त्यांचे १ कोटी २६ लाख होतात. खुली जागा आणि पीयू लँड (सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा) विकण्याचा मोह कशामुळे होतो, ते या आकड्यावरून कळेल. म्हणून विकासकाच्या ऑफिसातला नकाशा पाहून कधीच ठरवू नका. मंजूर नकाशा आणि भूमी अभिलेखकडची मोजणीची ‘क’ प्रत शेजारी ठेवा आणि मग जागेवर जाऊन रस्त्यापासून टेपने अंतर मोजा.

रेराची, म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या स्थावर मालमत्ता कायद्याची गोष्ट याहून वाईट होती. दलालाने सांगितलं, “प्लॉटला रेरा लागत नाही, तो फ्लॅटला असतो.” हे साफ खोटं आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेरात (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदणी करावीच लागते, आणि नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग, इसार यातलं काहीच चालत नाही. दोन हेक्टरचे ‘फेज’ पाडून नोंदणी टाळण्याची युक्तीही सर्रास दिसते. रेराचं कलम १३ सांगतं की नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. इथे १० टक्के म्हणजे ९०,०००, आणि पहिल्याच दिवशी दीड लाख घेतले. हा एक आकडा लक्षात असता तर पुढच्या छत्तीस किस्ती वाचल्या असत्या. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी फक्त सही करणारा माणूस ओळखतो, दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची कुठेच नोंद होत नाही.

दलालालाही महारेराचा नंबर लागतो. प्रकल्पाचा नंबर ‘पी’ने सुरू होतो, एजंटचा ‘ए’ने. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर टाकून पाहा आणि तिथे दिसणारं नाव, मौजा, खसरा तुमच्या कागदाशी जुळवा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड असावा लागतो. तो नुसता छापलेला नको, स्कॅन होऊन त्याच प्रकल्पावर गेला पाहिजे. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट विकून देणं एजंटला कलम १० प्रमाणे मना आहे. “मी फक्त ओळख करून दिली” या बचावात दम नाही.

विक्रीपत्र लागलं तरी निर्धास्त होऊ नका. दुय्यम निबंधक मुद्रांक आणि ओळख पाहतो, विकणाऱ्याची मालकी तो तपासत नाही. एकाच प्लॉटच्या दोन विक्र्या लागलेल्या असतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मौजा आणि खसरा टाकून वर्षावार इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहा, आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध अहवाल घ्या.

पैसे अडकलेच असतील तर तक्रारीचे मार्ग एकाहून जास्त आहेत. महारेरात ५,००० रुपये भरून ऑनलाइन तक्रार करता येते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची माहितीही तिथे देता येते. कलम १८ प्रमाणे परतावा मागताना व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधार दर) अधिक दोन टक्के असतो. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण तिथे दोन वर्षांची मुदत सांभाळावी लागते. अनेक जण फसले असतील तर एकत्र येऊन आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. कुठेही गेलात तरी पैसे दिल्याचा पुरावा लागतो आणि रोखीचा व्यवहार तिथेच लंगडा पडतो. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. “चेकने दिले तर भाव वाढेल” म्हणणाऱ्याला ते माहीत असतं.

आणि ते गुलाबी कार्ड. तक्रारीची कुणकुण लागली की ऑफिसातून फोन येतो: “जुनं कार्ड जमा करा, नवीन सिस्टीम आली, नवीन कार्ड देतो.” नव्या कार्डावर जुन्या किस्ती चढत नाहीत आणि शिक्काही दुसऱ्याच फर्मचा असतो. मूळ कार्ड कुणाच्याही हाती देऊ नका. आजच त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, शिक्का, सही आणि पावती नंबर वाचता येतील असे.