'श्यामची आई' मागवली, निम्मीच आली

गाजलेलं जुनं मराठी पुस्तक ऑनलाइन घेणार असाल, तर पुस्तकाखाली दिसणारे ग्राहकांचे तारे बघून घेऊ नका. शाळेसाठी, वाचनालयासाठी, बक्षिसासाठी एकगठ्ठा घेणार असाल तर मुळीच नको. आमच्या वाचनालयाला 'श्यामची आई' म्हणून कापलेलं पुस्तक विकलं गेलं. ते विकण्यासाठी वापरलेले बहुतेक रिव्ह्यू खोटे नव्हते. खरी गोम तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. मी ग्रंथनिवड समितीवर आहे. साने गुरुजींच्या जयंतीला, म्हणजे 24 डिसेंबरला, आम्ही सातवी-आठवीच्या मुलांची वाचनस्पर्धा घेतो. पुस्तक महिनाभर आधी मुलांच्या हातात द्यायचं, मग लेखी प्रश्न आणि शेवटी तोंडी फेरी. पुस्तक मुलांनी घरी ठेवायचं, परत मागायचं नाही. एरवी आमची खरेदी पुण्याच्या वितरकाकडून होते, सवलतीची टक्केवारी ठरलेली असते. त्या वर्षी अनुदानाचा हप्ता रखडला होता. गावातल्या एका देणगीदारांनी पैसे दिले, पण रक्कम बेताची. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात तेच पुस्तक बरंच स्वस्त दिसलं. तारे 4.6, रिव्ह्यू हजारांत. 'प्रत्येक घरात असावं असं पुस्तक', 'डोळ्यांत पाणी आलं', 'माझ्या आईने मला वाचून दाखवलं होतं, आता मी मुलीला देतोय.' आमचे अध्यक्ष नाना म्हणाले, "साने गुरुजींच्या पुस्तकाला आणखी कुणाचं प्रमाणपत्र हवंय?" ऑर्डर गेली.

खोकं वेळेवर आलं. मुखपृष्ठ गुळगुळीत, कागद पांढराशुभ्र, टाइप ठळक आणि मोठा. पुस्तक हातात जाडजूड लागत होतं. दाखल नोंदवहीत घ्यायचं नव्हतं, त्यामुळे पानं मोजायचा प्रश्न आला नाही. वाटप झालं.

बिंग फुटलं ते तोंडी फेरीत. परीक्षक म्हणून शेजारच्या गावचे निवृत्त मराठीचे सर आले होते. त्यांनी 'अब्रूचे धिंडवडे'वर प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, "सर, असा धडाच नाहीये." सरांना वाटलं, पोरीने वाचलेलं नाही. पुढच्या मुलानेही तेच सांगितलं. तिसऱ्याने मात्र घडाघडा उत्तर दिलं. त्याने घरातली आजोबांची जुनी प्रत वाचली होती. मग आमच्या ग्रंथपाल ताईंनी कपाटातली पुठ्ठा उसवलेली प्रत आणली आणि दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

मूळ पुस्तकात बेचाळीस रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत. नव्यात त्यातल्या जेमतेम निम्म्या. 'पत्रावळ' आहे, 'अळणी भाजी' आहे, 'श्यामचे पोहणे' आहे, 'मोरी गाय' आहे. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' नाही, 'तेल आहे, तर मीठ नाही!' नाही, 'अब्रूचे धिंडवडे' नाही. 'देवाला सारी प्रिय' नाही. ज्यात आई श्यामला महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला पाठवते, ती रात्र. ज्याने कुणी कात्री चालवली त्याने सावकार काढला, जात काढली, उपासमार काढली आणि पोराला वळण लावणारी एक गोडगोड आई तेवढी ठेवली. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आला. 'प्रारंभ'ही उडवलेला. आश्रमात श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो, हे मुलांना कळणार कुठून? एकाने वाटपानंतर विचारलंही होतं, की धड्याला 'रात्र' का म्हणतात. आणि मुखपृष्ठावर, आतल्या पानावर, मागे, कुठेही 'संक्षिप्त' हा शब्द नाही.

आता हे पुस्तक कुणीही छापू शकतं, हे आधी लक्षात घ्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले, म्हणजे 1 जानेवारी 2011 पासून त्यांची पुस्तकं सर्वांसाठी खुली झाली. याचा फायदाही झाला. चांगल्या प्रकाशकांनी स्वस्त, शुद्ध आवृत्त्या काढल्या. पण त्याच दारातून हेही आत आले, ज्यांना मुद्रितशोधनाचा खर्च नको आणि छपाईचा कागदही कमी हवा.

रात्री घरी बसून मी ते रिव्ह्यू पहिल्यापासून वाचले. एकाने टाकलेल्या फोटोत मुखपृष्ठ वेगळंच, प्रकाशक वेगळा. दुसरा कापडी बांधणीचं कौतुक करत होता, आमचं पुस्तक साध्या बांधणीचं. एक चक्क हिंदी अनुवादाबद्दल होता. एकाच नावाच्या पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या अशा दुकानांत एका पानावर जोडलेल्या असतात आणि तारे सगळ्यांचे मिळून दिसतात. सोय म्हणून ते ठीक आहे. कथा तीच असेल तर पुठ्ठा बदलल्याने मत बदलायचं कारण नाही. लबाडी करणारा आपली कापलेली आवृत्ती त्याच पानाला चिकटवतो आणि दुसऱ्यांनी कमावलेले तारे त्याला फुकटात मिळतात. लोकांनी लिहिलेलं खरं होतं, फक्त ते आमच्या हातातल्या पुस्तकाबद्दल नव्हतं.

उरलेले बरेचसे तर पुस्तकाबद्दलही नव्हते. 'पॅकिंग उत्तम.' 'दोन दिवसांत मिळालं.' 'अजून वाचलं नाही, पण साने गुरुजी म्हणजे प्रश्नच नाही.' हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. अभिजात पुस्तक कुणी नव्याने तपासत नाही. लहानपणी वाचलेल्या, किंवा नुसत्या ऐकलेल्या पुस्तकाला लोक आत्ता आलेल्या खोक्याकडे बघून पाच तारे देतात. 'खरेदी प्रमाणित' अशी खूण असते ना, ती पैसे दिल्याची खूण आहे, वाचल्याची नव्हे. नवीन लेखकाच्या पुस्तकात निम्मी प्रकरणं गायब असती तर कुणीतरी बोंब मारली असती. इथे श्रद्धेनेच झाकण घातलं. एक तारा देऊन 'गोष्टी कमी आहेत' असं लिहिणारा एक जण होता, पण अगदी तळाशी.

खोक्यात एक चिठ्ठीही निघाली होती, ती ताईंनी सुदैवाने टाकली नव्हती. पाच तारे द्या, त्याचा फोटो या नंबरवर पाठवा आणि कॅशबॅक मिळवा. म्हणजे उसन्या ताऱ्यांबरोबर विकतचे तारेही होतेच. आम्ही एक तारा देऊन जुन्या आणि नव्या अनुक्रमणिकेचे फोटो शेजारी शेजारी टाकले, तेव्हा कुठे विक्रेत्याचा फोन आला. "मॅडम, पूर्ण रक्कम परत करतो, आधी तो रिव्ह्यू काढा." मी म्हटलं, आधी पानावर 'संक्षिप्त' लिहा. त्यावर फोन बंद.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. 2004 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर तांत्रिक गडबडीमुळे निनावी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची खरी नावं दिसू लागली आणि काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांची तारीफ करताना सापडले. 2010 मध्ये ऑर्लँडो फायजेस या नामवंत ब्रिटिश इतिहासकारांनी कबूल केलं, की टोपणनावाने प्रतिस्पर्ध्यांच्या पुस्तकांना झोडपून स्वतःच्या पुस्तकाची स्तुती त्यांनीच लिहिली होती. 2023 मध्ये अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांची रशियात घडणारी कादंबरी छापून यायच्या आतच तिला शेकडो लोकांनी एकेक तारा दिला. कुणाच्याही हातात पुस्तक नव्हतं, तरी गिल्बर्ट यांनी प्रकाशन थांबवलं. आणि रिव्ह्यूंचा बाजार किती मोठा आहे? 2022 मध्ये अ‍ॅमेझॉनने दहा हजारांहून अधिक फेसबुक ग्रुपांच्या चालकांवर दावा लावला, तो खोटे रिव्ह्यू मिळवून देण्याच्या धंद्याबद्दलच.

आपल्याकडे नियम आहेत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायचा नाही. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणलं, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलं. आमच्या प्रकरणात या दोन्हींचा थेट उपयोग झाला नाही, कारण उसने तारे हे खोटे तारे नव्हेत, असा युक्तिवाद समोरून आला. चालला तो साधा मुद्दा: माल वर्णनाप्रमाणे नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. चिठ्ठी, बिल, दोन्ही अनुक्रमणिका जोडल्या. न उघडलेल्या प्रतींचे पैसे परत आले. मुलांना वाटलेल्या प्रती 'वापरलेल्या' ठरल्या, त्यांचे पैसे बुडाले.

स्पर्धेचं म्हणाल तर गाळलेल्या भागावरचे प्रश्न रद्द केले. आजोबांची प्रत वाचलेल्या मुलाचे पालक रागावले आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पूर्ण प्रती नंतर गावातल्याच पुस्तकविक्रेत्याने आणून दिल्या, आमच्या समोर पानं चाळून.

आता आमची समिती काय करते, तेही सांगते. आधी एकच प्रत मागवतो आणि ती वाचनालयातल्या जुन्या प्रतीशी ताडून पाहतो. रिव्ह्यू वाचायचेच झाले तर 'सर्वात नवे' असा क्रम लावतो आणि दोन-तीन ताऱ्यांचे आधी वाचतो. वैतागूनही लिहायचे कष्ट घेतलेला माणूस बहुधा पुस्तक उघडून बसलेला असतो. फोटोतलं मुखपृष्ठ, प्रकाशक आणि आयएसबीएन (आवृत्तीचा ओळख-क्रमांक) आपण घेतोय त्याचेच आहेत का, हे जुळवतो. पृष्ठसंख्येवर विसंबत नाही, कारण मोठा टाइप वापरून ती फुगवता येते.

तो विक्रेता आता त्या पानावर दिसत नाही. तेच मुखपृष्ठ मात्र दुसऱ्या दुकानाच्या नावावर विकायला आहे, तारे तेवढेच. तुमच्यासमोर आलं आणि अनुक्रमणिका दाखवलेली नसेल, तर विक्रेत्याला बेचाळिसाव्या रात्रीचं नाव विचारा. ते 'आईचे स्मृतिश्राद्ध' आहे. सांगता आलं नाही तर ऑर्डर देऊ नका.