जुन्या स्विफ्टला १६५/८० च्या जागी १८५/७० आर १४: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

आमची स्विफ्ट २००८ ची, व्हीएक्सआय. कंपनीचे टायर १६५/८० आर १४, म्हणजे १६५ मिमी रुंद. ते पार गोटा झाले तेव्हा तीच साइझ घ्यायची की रुंद टायर टाकायचे, यावर घरात बराच खल झाला आणि फेब्रुवारीत १८५/७० आर १४ टाकले. हा अनुभव साइझचा आहे, ब्रँडचा नाही.

हीच साइझ निवडली कारण त्याच स्विफ्टच्या झेडएक्सआय या वरच्या मॉडेलला मारुतीच १८५/७० देत होती. हिशोबही जमतो. १६५ च्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी साइडवॉल, टायरची बाजूची भिंत. वरची-खालची मिळून २६४, त्यात १४ इंची डिस्क (रिम) धरली की टायरची उंची ६१९.६ मिमी. १८५/७० ची भरते ६१४.६. फरक एक टक्काही नाही, त्यामुळे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो आणि गाडी फक्त अडीच मिमी खाली बसते. लोखंडी डिस्क जुन्याच चालल्या.

एका दुकानात १५ इंची अलॉय आणि १९५/६० चा फार आग्रह झाला. उंची तिथेही जुळते, पण साइडवॉल उरते ११७ मिमी. आपल्याकडे चर खोदतात आणि अर्धवट बुजवून जातात. अशा चरात चाक आदळलं की टायरला फुगा येणार किंवा डिस्क वाकणार. दिसायला अलॉय छान, पण सोलापुरात मला जाड साइडवॉलच हवी.

खरा फरक हायवेला कळला. पुणे रोडला ट्रकच्या शेजारून जाताना गाडी आता हलत नाही, तुळजापूर घाटातल्या वळणांवर अंग टाकत नाही. पावसात ब्रेकही चांगले लागतात, मात्र त्यातलं बरंचसं श्रेय नव्या रबराचं. साचलेल्या पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो, तिथे वेग कमीच ठेवा.

मे महिन्यात सकाळी गार टायरमध्ये ३२ भरलेली हवा दुपारी हायवेवरून आल्यावर ३६ च्या पुढे दिसायची. पंपावरचा पोरगा लगेच हवा सोडायला बघतो, सोडू देऊ नका. हवा गार टायरमध्येच मोजायची.

तोटे आहेत. पार्किंगमध्ये स्टीअरिंग जरा जड लागतं, पिकअप किंचित मंदावला आणि अ‍ॅव्हरेज थोडं पडलं. स्टेपनी जुन्या साइझचीच ठेवली आहे. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं पुढे घेऊन स्टेपनी मागे लावतो. इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर असतो, तिथे दोन्ही टायर सारखे हवेत. स्टेपनी लावून लांबचा प्रवास मात्र करत नाही.

घेताना टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचाच. ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५वा आठवडा. आपल्या उन्हात आधीच म्हातारा झालेला टायर घेऊ नये, मग डिस्काउंट कितीही असो. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, तोही मूळच्यापेक्षा खाली नको: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०.

महिन्यातून दोन-तीनदा पुणे किंवा हैदराबाद होत असेल तर १८५/७० बिनधास्त टाका. गाडी फक्त गावातल्या गावात, सात रस्ता ते नवी पेठ एवढीच फिरत असेल तर १६५/८० च घ्या, आणि उरलेल्या पैशांत चारही चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग नीट करून घ्या.